शब्द कळत नाहीत!

मत देण्याच्या बाबतीत आमचे घर कधीच कंजूष नव्हते. आमटीत गूळ किती असावा येथपासून सरकार कोणाचे यावे येथपर्यंत प्रत्येक प्रश्नावर आमच्याकडे माणशी निदान दीड मत तयार असते. आल्यागेल्यालाही आम्ही चहाबरोबर दोन मते दिल्याखेरीज सोडीत नाही. तेव्हा गेल्या दिवाळीत आमच्या नातवाने एक तबकडी घरी आणून 'सगळ्यांनी ऐका आणि खरं मत द्या' असे जाहीर केले, त्या वेळी आपण काय ओढवून घेत आहोत याची त्याला कल्पना नसावी. खरे सांगायचे तर मलाही नव्हती. कारण त्या तबकडीवर सर्वांत शेवटचे मत माझे पडले आणि त्या मताने घरातली एक जुनी गाठ सुटली.

आम्ही राहतो नगरला, सावेडीत. सरकारदरबारी आता आमचे गाव अहिल्यानगर झाले आहे. पण जुन्या नावातले 'नगर' नव्यातही शाबूत असल्यामुळे माझ्यासारख्या म्हाताऱ्याची जीभ अजून निभावून नेते. येथल्याच एका शाळेत मी चौतीस वर्षे मराठी शिकवले. 'तोंडात गूळ धरून बोलू नकोस, उच्चार स्वच्छ कर' हे माझे वाक्य इतके प्रसिद्ध होते की, माझे जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले की नमस्काराच्या आधी तेच म्हणून दाखवतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे याचाच संबंध आहे.

नातू पुण्याला इंजिनियरिंग शिकतो. सुट्टीत कुठेसे काम करून मिळालेल्या पैशातून त्याने तबकड्या वाजवायचे यंत्र विकत घेतले आणि एस.टी.तून मांडीवर धरून नगरला आणले. माझ्या वडिलांनी फोनो विकून ट्रान्झिस्टर घेतला होता. नातवाने खिशात फोन असताना फोनो घेतला! एका पिढीने माळ्यावर टाकलेली वस्तू दुसऱ्या पिढीला रत्न वाटते, हा अनुभव पितळी भांड्यांच्या बाबतीत आमच्या घराने घेतला होताच.

तबकडीचे नाव 'सुव्लाकी'. हे ग्रीक लोकांच्या एका खाद्यपदार्थाचे नाव असून तो पदार्थ म्हणजे सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे, हे कळल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी तबकडी देवघराच्या भिंतीपासून जरा लांब ठेवायला लावली. गाणारा संच इंग्लंडातल्या रेडिंग गावचा, नाव 'स्लोडाइव्ह'. नील हॅलस्टेड आणि रेचेल गॉसवेल या लहानपणापासून एकमेकांना ओळखणाऱ्या दोघांनी १९८९ साली, विशीच्या आत असताना, तो काढला. 'सुव्लाकी' आली १९९३ साली. गाणी दहा, वेळ सुमारे चाळीस मिनिटे.

'आणि ह्या प्रकाराला म्हणतात काय?' मी विचारले.

'शूगेझ,' नातू म्हणाला. म्हणजे बुटांकडे पाहणे! मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. ही मंडळी गिटारीचा आवाज सरळ लोकांच्या कानांवर घालीत नाहीत. तो आधी पायाशी मांडलेल्या लहान लहान पेट्यांमधून फिरवतात. एक पेटी आवाजाला घुमारा देते, दुसरी त्याचे प्रतिध्वनी काढते, तिसरी त्याला खरखरीत करते. या पेट्या पायाने दाबायच्या असल्यामुळे वादकांची नजर सदा खाली. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यावरून चेष्टेने त्यांना 'बूट बघे' ठरवले आणि चेष्टेचेच पुढे नाव झाले. आमच्या सौभाग्यवती लग्नाआधी बरीच वर्षे गाणे शिकत होत्या. त्यांचा मिरजेचा तंबोरा अजून गवसणी घालून कोपऱ्यात उभा आहे. त्या म्हणाल्या, 'म्हणजे जवारीचंच काम हे. घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की साधी तार कशी गुंजायला लागते! यांनी दोऱ्याऐवजी पेट्या ठेवल्या.' नातवाने आजीकडे अशा काही आदराने पाहिले की, माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत तसे कोणी माझ्याकडे पाहिल्याचे आठवत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा जोर ओसरल्यावर आम्ही ऐकायला बसलो. चिरंजीव, सूनबाई, आम्ही दोघे, घरकामाला येणाऱ्या पाथर्डीकडच्या मावशी, आणि शेजारचे मेजरसाहेब. नगरला रणगाडा दलाचे मोठे शिक्षणकेंद्र आहे. मेजरसाहेबांचे आयुष्य रणगाड्यांत गेले आणि निवृत्तीनंतर ते येथेच राहिले. रणगाड्यांनी त्यांचे कान खाल्ले. पण दोन्ही कानांतली यंत्रे ते छातीवरच्या पदकांसारखी मिरवतात.

तबकडी सुरू झाली. आमच्या चांदबिबीच्या महालावर तुम्ही पावसाळ्यात गेला आहात काय? खरे तर ती चांदबिबीची नव्हे, सलाबतखानाची कबर. पण ते असो. तिथे कधी कधी ढग असा खाली उतरतो की, हाताच्या अंतरावरचा माणूस आकृतीसारखा दिसतो पण त्याचा चेहरा दिसत नाही. ते गाणे तसे होते. गिटारींचा दाट पांढरा ढग, आणि त्यात एक पुरुष आणि एक बाई गात उभी. आवाज येत होता, चाल येत होती; शब्द मात्र ढगात विरत होते.

चाळीस मिनिटे संपली आणि मतदान सुरू झाले.

'मशीन नीट लागलंय का?' हे चिरंजिवांचे मत. दुसऱ्या गाण्याला त्यांनी उठून वायर हलवून पाहिली होती. 'शब्द कळतच नाहीत. गाणाऱ्याला पुढे उभं करायचं की गिटारीच्या मागे?'

सूनबाई म्हणाल्या, 'मला तर झोप आली. म्हणजे चांगल्या अर्थानं म्हणतेय हं! दिवसभर फराळाचं करून पाय दुखत होते, ते थांबले. पण शब्द नाही कळले.'

मावशींनी जरा आढेवेढे घेतले. मग म्हणाल्या, 'मढीची जत्रा भरती ना, आन आपण लांब रानात निजेल असतो, तव्हा रातच्याला वाऱ्यावर कर्ण्याचा आवाज येतो, तसं वाटलं. काय म्हनत्यात ते नाय कळत, पर जावंसं वाटतं.'

इतके नेमके मत मी पुष्कळ छापील परीक्षणांतही वाचलेले नाही.

मेजरसाहेब म्हणाले, 'रणगाड्यात बसून कोणी अंगाई म्हटली तर अशीच ऐकू येईल. चौथ्या गाण्याला मी यंत्रं बंद केली. मग जास्त बरं वाटलं.'

नातू हिरमुसला नाही. तो म्हणाला, 'तुमचं काहीच नाही! त्या काळात तिकडे काय काय झालं ते ऐका.' आणि त्याने जी हकीकत सांगितली ती ऐकून आम्हांला आपण फार सभ्य श्रोते आहोत असे वाटू लागले. एका प्रसिद्ध साप्ताहिकातल्या परीक्षणकाराने लिहिले होते की, ही तबकडी पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात गुदमरून मेलेले पुरवले. दुसऱ्या एका संचातल्या वादकाने तर जाहीर करून टाकले की, आपल्याला हिटलरपेक्षा या स्लोडाइव्हचा जास्त तिटकारा आहे. 'यांनी कोणाचं घोडं मारलं होतं?' सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांनी कोणाचे घोडे मारले नव्हते. हवा बदलली होती, इतकेच. १९९५ साली तिसरी तबकडी निघाली आणि पाठोपाठ कंपनीने त्यांना निरोप दिला. संच मोडला.

पण तबकडी काही मोडली नाही. ती एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. रेडिंग कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या मुलांनी ती रात्री दिवे मालवून ऐकली. २०१४ साली ही मंडळी पुन्हा एकत्र येऊन रंगमंचावर उभी राहिली, तेव्हा समोर त्यांच्या तरुणपणी जन्मलीही नव्हती अशी मुले होती. २०१७ साली, बावीस वर्षांनी, त्यांची नवी तबकडी निघाली. आणि २०२३ सालची तर इंग्लंडात खपाच्या यादीत पहिल्या दहांत गेली. 'सुव्लाकी'च्या वाट्याला हे भाग्य कधी आले नव्हते. आज मात्र त्या जुन्या 'सुव्लाकी'ला या जातीच्या संगीतातला एक मानदंड समजतात.

'म्हणजे कोर्टमार्शल रद्द झालं,' मेजरसाहेब म्हणाले. 'पण त्या पोरांचं आणि आपल्या नगरचं काय देणंघेणं?'

हा प्रश्न नगरकराला विचारू नये. मी सरसावून बसलो. दौंड रस्त्यावर अरणगावजवळचे मेहेराबाद सर्वांना ठाऊक आहे. मेहेरबाबांच्या समाधीला दर ३१ जानेवारीला, अमरतिथीला, देशोदेशींची माणसे येतात. विजेच्या गिटारीला घुमवून, किंचाळवून, तिच्या गोंगाटाचेही संगीत करणाऱ्या पहिल्या काही वादकांतला एक म्हणजे 'द हू' या इंग्लिश संचाचा पीट टाउनशेंड, आणि तो बाबांचा भक्त! त्याच्या १९७१ सालच्या एका गाजलेल्या गाण्याच्या नावात 'बाबा' आहे, ते आमच्या अरणगावचे. तेव्हा विजेच्या गिटारीला नगर अगदीच परके नाही.

'आणि बाबा तर बोलतसुद्धा नव्हते,' सौभाग्यवती म्हणाल्या. ही गोष्ट खरी. १० जुलै १९२५ पासून १९६९ च्या ३१ जानेवारीला देह ठेवीपर्यंत त्यांचे मौन होते. आधी ते अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून सांगत, १९५४ नंतर तीही सोडली, नुसत्या हातांच्या खुणा राहिल्या. 'तरी माणसं इतक्या लांबून यायचीच ना? सगळं काय शब्दांतच असतं? तुम्ही सगळे शब्द शब्द करत बसलात. मला इंग्रजी कुठे येतं? पण ती पोर कोणाला तरी निरोप देतेय, हे मला पहिल्या दोन गाण्यांतच कळलं. आणि ज्याला देतेय, तो शेजारीच उभा आहे.'

नातू आजीकडे पाहतच राहिला. त्या दोघांचे, नील आणि रेचेलचे, एकमेकांवर प्रेम होते. आणि ही तबकडी होण्याच्या सुमारास ते संपले होते. तरी दोघे एका खोलीत उभे राहून गात राहिले. नातवाने हे आम्हांला सांगितलेले नव्हते.

'आता आजोबांचं मत,' तो म्हणाला.

'मला आवडलं,' मी म्हणालो.

घरात अशी शांतता पसरली की गल्लीतली सुरसुरी ऐकू यावी. म्हणजे इतरांना यावी. उच्चारावरून पोरांचे कान उपटणाऱ्या मास्तराला हे आवडले! 'तुम्हांला शब्द कळले?' चिरंजिवांनी विचारले.

'नाही. म्हणून तर आवडलं,' मी म्हणालो. आणि का कोण जाणे, पुढचेही बोलून गेलो. 'कारण आज तुम्हांलाही कळले नाहीत. गेली तीन वर्षं तुम्ही सगळे मला असेच ऐकू येता.'

वाचकहो, म्हातारपणी कान जातात म्हणजे आवाज जातो अशी माझी समजूत होती. ते तसे नाही. आधी उंच पट्टीचे बारीक आवाज जातात. आणि स, श, फ, थ, क ही आपली व्यंजने त्याच पट्टीतली आणि नाजूक. स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट, ते राहतात. म्हणून समोरचा बोलतो आहे हे कळते, तो रागात आहे की आनंदात हेही कळते. काय म्हणतो तेवढे कळत नाही. मग माणूस अंदाजाने जगू लागतो. चार लोक हसले की हसतो. प्रश्न आल्यासारखा वाटला की 'बघू' म्हणतो. मी लग्नसमारंभात जाणे कमी केले ते गुडघ्यांसाठी नव्हे. त्या रात्री त्या ढगात सगळेच चाचपडत होते, आणि तीन वर्षांत प्रथमच मी सर्वांच्या पंगतीला बसलो होतो.

'अहो, मग सांगितलं का नाही?' सौभाग्यवती म्हणाल्या. आणि लगेच त्यांचा चेहरा बदलला. 'म्हणजे लेकीचा फोन आला होता त्या दिवशी...'

होय. त्या दिवशीही.

आमची मुलगी बेंगळुरूला असते. ती नोकरीसाठी तिकडे निघाली तेव्हा मी विरोध केला होता. त्यावरून बरीच बोलाचालीही झाली होती. मागाहून ते निवळले. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका संध्याकाळी तिचा मला फोन आला. तिला बढती मिळायची होती, त्या बातमीची मी वाट पाहत होतो. ती काही तरी म्हणाली. त्यात 'नोकरी' एवढे कळले. मी म्हणालो, 'वा! उत्तम झालं. मी म्हणतच होतो. आता पेढे वाटायला हवेत.' ती जरा वेळ गप्प राहिली. मग 'बरं, ठेवते,' म्हणाली.

चार दिवसांनी तिच्या आईकडून कळले. कंपनीने शेकडो माणसे एकदम काढली, त्यांत तिची नोकरी गेली होती. ती गेल्याचे सांगायला तिने आईच्या आधी मला फोन केला होता आणि मी पेढे वाटायला निघालो होतो.

मी तेव्हाच तिला फोन करून 'पोरी, मला ऐकू आलं नव्हतं' म्हणालो असतो तर दोन मिनिटांत मिटले असते. मी म्हणालो नाही. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा मी दुष्ट म्हणवून घेणे पत्करले. तिला दुसरी नोकरी मिळाली, पण तिचे फोन आईच्या फोनवर येऊ लागले. मला सणासुदीला 'नमस्कार बाबा' तेवढे.

हे मी सांगून टाकले. कान हे कारण मी पुढे केले आणि मला वाटले, आता सुटलो. पण त्या रात्रीचे एक मत माझ्या मनातून जाईना. ज्यांना इंग्रजीचा गंध नाही त्यांना दोन गाण्यांत कळले की ती पोर निरोप देते आहे. माझ्या लेकीचे शब्द गेले, कबूल. पण तिचा सूर? तो काही उंच पट्टीतला नव्हता. बढतीची बातमी सांगणारी मुलगी त्या आवाजात बोलत नाही. तो जड, खाली आलेला आवाज मला स्वच्छ ऐकू आला होता. मी तो ऐकला आणि बाजूला सारला, कारण मला माझ्या मनातलीच बातमी ऐकायची होती. आणि ती ऐकून झाल्यावर 'मी म्हणतच होतो' हे मिरवायचे होते. हा काही कानांचा दोष नव्हे.

मेजरसाहेब उठले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाले, 'मास्तर, बहिऱ्याचं पहिलं काम ऐकणं नाही. विचारणं.' मग ते घरी गेले.

सौभाग्यवतींनी फोन लावला, त्याचा आवाज मोठा केला आणि माझ्या हातात दिला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी काय बोललो ते सगळे लिहीत नाही. 'त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं. पण तू रडवेली आहेस हे कळायला हवं होतं,' एवढे म्हटल्याचे आठवते. पलीकडे शांतता. मग ती काही तरी बोलली. मला त्यातला एक शब्द कळला नाही. सवयीने मान हलली, 'बरं बरं' ओठांवर आले. ते मी गिळले.

'काय म्हणालीस?' मी म्हणालो. 'मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग.'

तिने पुन्हा सांगितले. मी पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा ती ओरडून म्हणाली, 'बाबा, मग पेढे कधी देताय?' आणि ती हसत होती की रडत होती, हे सांगायला मला यंत्राची जरुरी नव्हती.

दिवाळीनंतर कान तपासून घेतले. डोक्यावर फोन चढवून बारीक आवाज आला की बटण दाबायचे, अशी परीक्षा असते. मास्तर असूनही मी तिच्यात सडकून नापास झालो. आता दोन्ही कानांत यंत्रे आहेत. पहिला आठवडा ताटावाट्यांच्या आवाजाने जीव नको झाला. मग हळूहळू 'स' आणि 'श' घरी परत आले. तरीही दिवसातून दहा वेळा 'काय म्हणालात?' विचारावे लागते आणि मी ते विचारतो.

यंत्रे लावून ती तबकडीही पुन्हा ऐकली. शब्द अजून कळत नाहीत. नातू म्हणतो, ते कळावेत अशी त्यांची फारशी इच्छाच नाही. मला आता त्याची घाई नाही.

या दिवाळीला लेक आठ दिवस येणार आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तबकडी लावायची, असे तिने भाच्याला बजावून ठेवले आहे. घरातल्या सगळ्यांची मते झाली. तिचे तेवढे यायचे आहे. आणि ते ती माझ्या शेजारी बसून देणार आहे.